मिस्टर डॉक्टरांसमोर ‘सगळं ठीक’ म्हणतात, घरी शर्टाचं बटण लागत नाही

बागवाली

आम्ही निफाड तालुक्यातले. चार एकर द्राक्षबाग. मिस्टरांचं वय 52. दिवाळीच्या आधी मोठ्या आतड्याचं ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण जवळच्या दोन लसिका ग्रंथींमध्येही कॅन्सर सापडला, म्हणून केमो. दर 21 दिवसांनी नाशिकला जाऊन ऑक्झॅलिप्लॅटिनचं सलाईन, घरी 14 दिवस सकाळ-संध्याकाळ कॅपेसिटाबीनच्या गोळ्या, मग आठवडाभर सुट्टी. सहा महिने असं चालायचंय, निम्मं होत आलं.

उलट्यांचीच धास्ती होती, त्या फारशा नाहीत. खरा त्रास थंडीचा. आमच्याकडची जानेवारीतली पहाट कशी असते ते पेपरात वाचत असालच. सलाईन लावून आले की नळाच्या पाण्यात हात घातला तरी सुया टोचतात म्हणतात. स्टीलचा तांब्या उचलला आणि हातातून टाकूनच दिला. एकदा माठातलं पाणी प्यायले तर घसा असा आवळला की श्वास घेता येईना. माझ्या पोटात गोळा आला. तरी माणूस घरात थांबेल तर शपथ. शेतीची लाईट रात्रीची, मोटर चालू करायला हेच उठणार. पहाटे बागेत शेकोट्या पेटवायलाही हेच. मणी तडकले तर बँकेला काय दाखवू, हे एकच पालुपद.

आता मूळ प्रश्न. आधी मुंग्या पुढच्या सलाईनपर्यंत जायच्या. आता जातच नाहीत. शर्टाचं बटण मी लावते. चप्पल पायातून निघून मागे राहते आणि हे तसेच चालत पुढे. परवा कात्रीने अंगठा कापला, तो रक्त घडावर सांडलं तेव्हा कळला. डॉक्टर दर वेळी विचारतात, हातापायाला मुंग्या? तर हे हात मागे घेऊन म्हणतात, "नाही साहेब, एकदम ठीक." येताना गाडीत मी विषय काढला तर म्हणाले, "डोस कमी केला आणि ते परत उलटलं तर? तू मध्ये बोलायचं नाही."

डॉक्टरांना यांच्या माघारी फोन करून सांगू का? आमच्यात आजवर असं चोरून काही झालेलं नाही. शिवाय नणंदेने कसल्याशा ताकदीच्या गोळ्या आणि पपईच्या पानांची पावडर आणून दिलीय, ती वेगळीच कटकट.

गरमपाणी

वहिनी, माझ्या बायकोला हेच सलाईन होतं. आम्ही कराडचे, तुमच्याएवढी थंडी नाही, पण फ्रिजने वैताग आणला होता. फ्रिजच्या दांडीला जुना लोकरी मोजा बांधून ठेवा. पाणी थर्मासमध्ये, पेला काचेचा किंवा प्लॅस्टिकचा. ताक, दही बाहेर काढून तासभर ठेवायचं. सलाईनला जाताना मफलर नाकातोंडावरून घ्यायचा, गार वारा आत गेला तरी घसा धरतो. सुई ज्या हातात लावतात तो हातही दुखतो, त्यावर शाल टाकून ठेवायची.

रात्रीच्या मोटरीला ऑटो स्टार्टर बसवा. लाईट आली की आपोआप चालू होते. व्हॉल्व दिवसाच फिरवून ठेवायचा. एवढं केलं तरी निम्मी जागरणं वाचतील. शेकोट्यांना गडी लावा, साहेबांना बांधावर खुर्ची टाकून द्या. ओरडायला माणूस लागतोच.

फोनचं मी सांगणार नाही. मी बायकोच्या माघारी एकदा केला होता, तिला कळल्यावर घरात जे झालं ते इथे लिहीत नाही.

वऱ्हाडी पेशंट

मी नवरा पण नाही आणि बायको पण नाही, मी पेशंट. अकोल्याचा. हेच औषध घेतलं आणि मीही डॉक्टरला "ठीक आहे" असंच म्हणायचो. का, ते सांगतो.

एक तर भीती, ती तुमच्या मालकांनी बोलूनच दाखवली. पण दुसरी गोष्ट पेशंट लोक बोलत नाहीत. ऑपरेशनपासून माणसाच्या हातात काहीच राहत नाही. कधी जेवायचं, कधी सुई, कधी रिपोर्ट, सगळं दुसरे ठरवतात. "त्रास नाही" म्हणणं एवढंच आपल्या हातात उरतं. आणि ओपीडीत बाहेर पन्नास लोक बसलेले, डॉक्टर कॉम्प्युटरकडे बघत विचारतो, तेव्हा बटणाचं रडगाणं कोण सांगेल? घरी बायकोने विचारलं की अजून राग यायचा, कारण तिला दिसतंय हे मला दिसायचं.

माघारी फोन नका करू. पण गप्पही नका बसू. "मी सांगणार आहे" हे घरूनच सांगून निघा. भांडण व्हायचं ते घरी होऊन जाऊ द्या.

जुनी सिस्टर

मुंबईत केमो वॉर्डात नोकरी केली, आता रिटायर आहे. बाई, तुम्ही लिहिलेली बटण, चप्पल आणि अंगठा ही तीनच वाक्यं डॉक्टरांना हवी आहेत. मुंग्या "आहेत" किंवा "नाहीत" एवढ्यावर ते काही ठरवू शकत नाहीत. दोन सलाईनच्या मध्ये मुंग्या जातात का, आणि रोजची कामं अडतात का, यावर ठरतं. तुमच्याकडे आता दोन्ही झालंय. हे पुढच्या सलाईनच्या आधी कळलंच पाहिजे, नंतर नव्हे. त्यांच्यासमोरच, वहीत लिहून न्या आणि वही सरळ टेबलावर ठेवा.

मिस्टरांना हे वाचून दाखवा. ऑक्झॅलिप्लॅटिन कमी करणं म्हणजे उपचार सोडणं नाही. 2018 मध्ये बारा हजारांहून जास्त पेशंटचे अभ्यास एकत्र करून निष्कर्ष छापले गेले. कॅन्सर आतड्याच्या भिंतीबाहेर फार गेलेला नसेल आणि तीनपर्यंतच ग्रंथींत असेल, तर या सलाईन-गोळ्यांच्या जोडीचे तीन महिने आणि सहा महिने यांत जवळजवळ फरक पडला नाही. हातापायाच्या नसांचं नुकसान मात्र तीन महिन्यांत खूप कमी. तुमच्या दोन ग्रंथी आहेत, पण गाठ किती खोल होती ते रिपोर्टमध्ये बघून डॉक्टरच सांगतील. काही वेळा सलाईन थांबवून नुसत्या गोळ्या चालू ठेवतात. "आम्ही कोणत्या गटात?" एवढं विचारा.

आणि एक धोका. हे औषध बंद केल्यावरही मुंग्या दोन-तीन महिने वाढू शकतात, मग हळूहळू उतरतात. म्हणून "अजून दोन सलाईन सोसतो, मग बघू" हा हिशेब इथे चालत नाही. बागायतदाराची बोटं गेली तर कात्री कोण चालवणार, हे त्यांना त्यांच्याच भाषेत सांगा.

शेकोटीपाशी त्यांना बसवू नका. बधिर हाताला चटका कळत नाही. अंघोळीचं पाणी तुम्ही तुमच्या हाताने बघा आणि कोमटच ठेवा, कढत नको. थंडीने सुया टोचतात ते सलाईनमुळे. पण गोळ्यांमुळे तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात, त्यांना कढत पाणी आणि घासणं चालत नाही. बागेत अनवाणी नको, मोजे आणि मऊ बूट. तळव्यांना युरियाचं क्रीम लावतात. डायक्लोफेनॅकचं जेल लावल्याने हा त्रास कमी होतो असं दिल्लीच्या एम्सच्या अभ्यासात 2024 मध्ये दिसलं, पण विचारून लावा. गोळ्या जेवणानंतर अर्ध्या तासात. तुम्ही काढून देत असाल तर उघड्या हाताने धरू नका, कुटून तर अजिबात देऊ नका. फवारणीच्या दिवशी त्यांनी बागेत पाऊल टाकायचं नाही.

थंड पाण्याने घसा आवळतो तेव्हा श्वासनलिका बंद झालेली नसते, नसांना तसं वाटतं. कोमट पाणी हळूहळू द्या, जातं. पण सलाईन चालू असताना घसा आवळला, अंगावर पित्त उठलं, चेहरा सुजला तर ती अ‍ॅलर्जी असू शकते, तिथल्या तिथे ओरडून सिस्टरला बोलवा. ताप 100.4 किंवा वर गेला, किंवा जुलाब थांबेनात, तर पुढची गोळी न देता फोन करा, रात्र असली तरी.

नणंदबाईंच्या ताकदीच्या गोळ्यांचं पाकीट वाचा. त्यात फॉलिक अ‍ॅसिड असेल तर कॅपेसिटाबीनचा त्रास वाढतो. पावडरही कपाटात ठेवा. नणंदेला म्हणा डॉक्टरांनी बंद केली. आमच्या नावावर खपवलेलं सगळं खपतं.

बागवाली

सिस्टर, पाकिटावर फॉलिक अ‍ॅसिड लिहिलेलं आहे. गोळ्या काढून ठेवल्या.

काल रात्री मी यांना अकोल्याच्या दादांचं वाचून दाखवलं. काही बोलले नाहीत, उठून मोटर बघायला गेले. आल्यावर म्हणाले, "लिही वहीत. पण अंगठ्याचं मी स्वतः सांगणार." आणि मग अर्धा तास माझ्याशी भांडले, की बटणाचं सगळ्या जगाला कशाला सांगितलं.

ऑटो स्टार्टरवाला उद्या येतोय. जुन्या पॅनेलला बसेल का, की पॅनेलच बदलावं लागेल? साडेसात एचपीची मोटर आहे.

गरमपाणी

तेच पॅनेल चालतं बहुतेक, वायरमनला फक्त एकदा दाखवा. फेज कमी आली तर मोटर बंद ठेवणारा घ्या, नाहीतर जळेल. आणि साहेबांना सांगा, बटणाऐवजी प्रेसची बटणं शिंप्याकडून लावून घ्या. माझ्या बायकोचे सगळे ब्लाऊज तसे केले होते.