प्रतिसाद: याकोब नक्की कोणता?

वर कोणीतरी म्हटलंय की येशूचा शिष्य योहान याचा भाऊ याकोब हाच पुढे यरुशलेमच्या ख्रिस्ती मंडळीचा प्रमुख झाला, तर ते जमत नाही हो. बायबलच्या नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा अध्याय १२ उघडून बघा, दुसऱ्याच ओवीत हेरोद राजा जब्दीच्या मुलाला, म्हणजे योहानाच्या भावाला, तलवारीने मारतो. आणि त्याच अध्यायात १७व्या ओवीत तुरुंगातून सुटलेला शिष्य पेत्र सांगतो, हे याकोबाला कळवा! मग हा मेलेला याकोब कसा असेल? हा प्रभू येशूचा भाऊ याकोब, प्रेषित पौल गलतीकरांच्या पत्रात ज्याला भेटल्याचं लिहितो तो, कृत्यांच्या १५व्या अध्यायातल्या सभेत निर्णय देणाराही तोच. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसिफस यानेही त्याला दगडमार झाल्याचं लिहिलंय, साधारण इ. स. ६२ची गोष्ट.

तिसरा याकोब अल्फीचा मुलगा, बारा शिष्यांतलाच, पण त्याच्याबद्दल यादीतल्या नावापलीकडे फारसं काही नाही. कॅथलिक परंपरेत त्याला आणि प्रभूच्या भावाला एकच धरतात, मला ते पटत नाही, कारण योहानाचं शुभवर्तमान ७:५ म्हणतं की भावांचा तेव्हा येशूवर विश्वासच नव्हता.

आपल्या मराठी बायबलात गोंधळ अजून वाढतो, कारण इंग्रजीतले जेकब आणि जेम्स दोघंही इथे याकोबच, त्यामुळे जुन्या करारातला इसहाकाचा मुलगाही त्यात येतो. म्हणून नाव वाचलं की आधी बाप नाहीतर भाऊ कोण ते बघायचं.