मदत हवी आहे : ओलाव्याचा मीटर १७ दाखवतोय, तरी बाभूळ भट्टीत फसफसतेय

केजकर_वखारवाला

नमस्कार मंडळी. केज तालुक्यात (जि. बीड) जळाऊ लाकडाची छोटी वखार आहे. माहिती एकदाच सगळी देतो.

जागा २० गुंठे, काळी जमीन, मुरूम टाकलेला नाही. ५० एचपीचा ट्रॅक्टर, एक ५८ सीसीची चेनसॉ, फोडायला दोन गडी (घण, पाचर, कुऱ्हाड). माल बहुतेक बाभूळ आणि वेडी बाभूळ, थोडी सुबाभूळ. गिऱ्हाईक तीन ढाबे, एक बेकरी, भूमकडच्या (जि. धाराशिव) दोन खवा भट्ट्या आणि लग्नसराईत आचारी. पावसाळ्यात रोज साधारण २०० किलो जातं.

माल जानेवारी ते एप्रिल असा येईल तसा तोडला. ओंडके दीड फुटाचे केले, जाड तेवढे फोडले, ८-९ इंचांपर्यंतचे तसेच ठेवले. जूनमध्ये वरून खालपर्यंत ताडपत्री ओढून दोरीने बांधली. आता खवावाले म्हणतात लाकडाच्या टोकातून फेस येतो, धूर होतो. बेकरीवाल्याचीही तीच रड. पिनचा मॉइश्चर मीटर आणला, तर तो १६-१७ टक्के दाखवतो. म्हणजे वाळलेलं आहे ना? काही ढिगांवर पांढरी बुरशीही आहे.

विचारायचं असं : १) चूक नेमकी कुठे? २) ट्रॅक्टरवर चालणारं लाकूड फोडणी यंत्र घ्यावं का, किती टनाचं? ३) ओल्या-वाळल्याचा भाव कसा धरायचा? ४) परवानगीचं काय?

माळरान

मीटरच्या पिना कुठे टोचल्या? टोकाला की सालीवर?

केजकर_वखारवाला

टोकाला. तिथेच सोपं जातं.

माळरान

मग तो आकडा सोडून द्या. लाकडातलं पाणी नळीतून यावं तसं टोकातून बाहेर पडतं, बाजूने त्याच्या कितीतरी पट हळू. त्यामुळे टोकाचा इंचभर भाग महिन्यात कोरडा होतो आणि आतला गाभा तसाच राहतो. थप्पीच्या मधला एक ओंडका काढा, कुऱ्हाडीने उभा फोडा आणि ताज्या फाळीच्या बरोबर मध्यावर, रेषांच्या दिशेने पिना रोवा. वेगवेगळ्या जागचे पाच-सहा ओंडके असेच तपासा. ३० च्या पुढे आकडा दिसला तर नवल वाटून घेऊ नका. तितक्या वर पिनच्या मीटरचा नेमका आकडा धरूही नका, फक्त ‘ओलं’ एवढंच समजा.

अजून एक. हे मीटर कोरड्या लाकडाच्या वजनावर टक्के काढतात. गिऱ्हाईक आणि बॉयलरवाले बोलतात ते एकूण वजनावरचे. मीटरवरचे २५ म्हणजे एकूण वजनातले २० टक्के पाणी. भट्टीसाठी मीटर २५ च्या खाली हवा, बेकरीला २० च्या आत दिलात तर तक्रार येणार नाही.

पाचर_आणि_घण

केजकर दादा, तुमच्या वर्णनातच तीन चुका आहेत.

पहिली, ८-९ इंचांचे गोल ओंडके सालीसकट ठेवणे. बाभळीची साल जाड, ती पाण्याला कोंडून धरते. गोल ओंडका मराठवाड्याच्या उन्हातसुद्धा एका उन्हाळ्यात वाळत नाही. ४ इंचांच्या वरचं काहीही न फोडता थप्पीला लावू नका. फाळी ४-५ इंचांची. बेकरीला ३ इंच चालते, खव्याला ४ ठीक, कारण तिथे आच एकसारखी लागते. आचाऱ्याच्या मोठ्या चुलाणाला अडीच फूट लांबीचं जाड लाकूड हवं असतं, ते वेगळं ठेवा आणि सगळ्यात आधी तोडा.

दुसरी, एप्रिलमध्ये तोडलेला माल जूनमध्ये विकायला काढणे. डिसेंबर-जानेवारीत तोड, महाशिवरात्रीच्या आत फोडून मोकळं व्हा. मग मार्च, एप्रिल, मे असे तीन महिने कडक ऊन आणि कोरडा वारा मिळतो. त्या हवेत फाळी केलेली बाभूळ १५ च्या आसपास सहज येते. ओली असतानाच फोडायची, हेही लक्षात ठेवा. ओली बाभूळ पाचरीला वाट देते, वाळली की लोखंड. मे महिन्यात गडी घण टाकून पळतात ते यामुळेच.

तिसरी ताडपत्री. खालपर्यंत बांधली की जमिनीची आणि लाकडाची वाफ आत कोंडते, रात्री ताडपत्रीच्या आतल्या बाजूला थेंब धरतात आणि थप्पीवर टपकतात. बुरशी त्यातलीच. ताडपत्री फक्त माथ्यावर, फूटभर खाली लोंबती. बाजू उघड्या. लोकांना वाटतं पावसाळी हवेने लाकूड पुन्हा ओलं होईल. छपराखाली उघडं ठेवलेलं वाळकं लाकूड भर पावसाळ्यातही १६-१८ च्या पुढे फारसं जात नाही, कारण हवेतला दमटपणा वेगळा आणि अंगावर पडलेलं पाणी वेगळं.

गोदाकाठ

ताडपत्रीवर मी असहमत. मे महिन्याच्या वळवाला गारा-वारा आला की माथ्यावरची ताडपत्री गेवराईपर्यंत उडून जाते. एवढा धंदा आहे तर पत्र्याचं शेड करा. हिशोब असा : २०० किलो गुणिले १२० दिवस म्हणजे २४ टन वाळका माल. दीड फुटाची वाळकी बाभूळ नीट रचली तर एका ब्रासला (१०० घनफूट) साधारण १.३ ते १.४ टन बसते. म्हणजे १८ ब्रास. ६ फूट उंच थप्पीला ३०० चौरस फूट लाकडाचेच, फटी आणि वाट धरून २० बाय ३० फुटांचं शेड पुरतं. चारही बाजू उघड्या. पावसाचा झोत नैऋत्येकडून येतो, म्हणून त्या बाजूला पत्रा ३ फूट बाहेर काढा.

काळ्या जमिनीवर मात्र शेडसुद्धा कामाचं नाही. पाणी धरते, वर वाळवी. आधी ६ इंच मुरूम टाकून दाबून घ्या, पाण्याला उतार द्या. त्यावर जुने सिमेंटचे खांब किंवा दगड, आणि थप्पी जमिनीपासून निदान ६ इंच वर. दोन थप्प्यांत २-३ फुटांची वाट. सुबाभूळ वेगळी ठेवा आणि आधी विका. तिला भुंगा लवकर लागतो, थप्पीखाली पिठासारखी भुकटी दिसली की समजायचं. थप्पीत हात घालताना हातमोजे आणि पायात बूट, विंचवाला ही जागा फार आवडते.

पाचर_आणि_घण

शेड असेल तर वादच नाही, पण मार्च ते मे माल शेडबाहेर उन्हा-वाऱ्यातच ठेवा. मृग लागायच्या आत आत घ्या. आणि एप्रिल-मेमध्ये शेजारी बांध पेटवतात, तेव्हा थप्प्यांभोवती १५ फूट पट्टा गवत काढून, नांगरून ठेवा. पाण्याची टाकी भरलेली.

हायड्रोलिक_हणमंत

यंत्राचं सांगतो. टनाचे आकडे दुकानदार वाटेल ते सांगतात, स्वतः काढा. सिलिंडर ४ इंची म्हणजे क्षेत्रफळ ८१ चौरस सेंटिमीटर. ट्रॅक्टरचं हायड्रोलिक १८० बार दाब देत असेल तर जोर सुमारे १५ टन, १५० बार असेल तर साडेबारा. सरळ रेषांच्या बाभळीला हे भरपूर. दुबेळक्याची (खोडाला दोन फांद्या फुटतात तिथली) गाठ आली की १५ टनही अडकतो. गाठ मध्यावर ठेवून झुंजू नका, कडेकडेने सोलत आत या, नाहीतर तो तुकडा आचाऱ्याच्या राशीत टाका.

वेग ट्रॅक्टरमधून बाहेर येणाऱ्या तेलाच्या प्रवाहावर. २४ इंच स्ट्रोकला ५ लिटर तेल लागतं. ट्रॅक्टर मिनिटाला ३० लिटर देत असेल तर पाते पुढे जायला १० सेकंद, मागे यायला ७-८. ओंडका दीड फुटाचा असल्यावर पूर्ण मागे नेऊच नका, २० इंचांवर थांबवा. कागदावर तासाला ८०० किलो निघतात, उचलाउचल धरून ४००-५०० पकडा. तुमच्या २४ टन वाळक्या मालाला सुमारे ३७ टन ओला लागेल. दिवसाला ६ तास चालवलं तर १५-१६ दिवसांचं काम.

तेलाची पातळी सिलिंडर आत असताना बघा. मे महिन्यात सलग चालवलं की तेल तापून सील जातात, पाइपला हात लावता येईना झाला की थांबा. ट्रॅक्टरला लावायचा फिरता शंकू (स्क्रूवाला) स्वस्त मिळतो, तो घेऊ नका. धोतर, उपरणं, बाही, काहीही गुंडाळतो आणि माणसाला सोडत नाही. लिव्हर एकाच माणसाच्या हातात, ओंडका ठेवणारा दुसरा नको.

चेनसॉचं थोडं. बांधावरच्या बाभळीच्या बुडात माती-वाळू भरलेली असते, चेन दहा मिनिटांत बोथट होते. बुडाची साल कुऱ्हाडीने आधी तासा. भुशात लांब कपचे पडत असतील तर धार आहे, पीठ पडत असेल तर कानस काढा. .३२५ पिचच्या चेनला ४.८ मिमीची गोल कानस. चेनच्या टाकीत जळालेलं इंजिन ऑइल ओतू नका, पंप चोंदतो.

हिशोबी_माणूस

भावाचं मी मांडतो. आकडे तुमचे घाला, पद्धत हीच ठेवा.

१००० किलो ओलं, त्यात ४५ टक्के पाणी. कोरडा ऐवज ५५० किलो. २० टक्के पाण्यावर आणलं की वजन ६८८ किलो. साल, ढलप्या, भुसा ५ टक्के जाऊन ६५० धरा. समजा ओलं २ रुपये किलोने रानात पडलं आणि तोड-फोड-रचाईला ओल्या किलोमागे १ रुपया गेला. ३००० भागिले ६५० म्हणजे ४ रुपये ६० पैसे वखारीतच पडले. ५ रुपयांनी घरपोच देणारा डिझेल खिशातून घालतोय.

गिऱ्हाईक म्हणेल पलीकडचा ४ ने देतो. त्याला उष्णतेचा हिशोब सांगा. २० टक्के पाण्याच्या लाकडातून किलोला साधारण ३४०० किलोकॅलरी मिळतात, ४५ टक्केवाल्यातून २१००-२२००. ४ रुपयांचं ओलं खरं तर साडेसहाला पडतं, वर धूर फुकट. खवावाल्याला तोंडी सांगून पटत नाही, त्याला दोन क्विंटल वाळकं देऊन एका दिवसाच्या दुधाला किती लागलं ते त्यालाच मोजू द्या.

विक्री वजनावर, तर काटा वैधमापनचा शिक्का मारून घ्या, इलेक्ट्रॉनिक काट्याची पडताळणी दरवर्षी. जळाऊ लाकडावर जीएसटी शून्य.

गाडी : छोटा हत्ती (पाऊण टनी गाडी) असेल तर हौद भरलेला दिसेपर्यंत लादू नका. वाळकी बाभूळ दीड फूट उंचीपर्यंतच पाऊण टन होते. सुबाभूळ सव्वादोन फुटांपर्यंत जाते.

सातबारा

परवानगी. सरसकट ‘बाभळीला काही लागत नाही’ हे ऐकून तोडायला जाऊ नका. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम १९६४ च्या यादीत आंबा, चिंच, जांभूळ, मोह, साग, खैर, चंदन अशी झाडं आहेत. ती शेतकऱ्याच्या स्वतःच्या रानातली असली तरी तोडण्याआधी परवानगी. हद्द नगरपालिकेची असेल तर १९७५ चा शहरी झाडांचा कायदा वेगळा. वाहतुकीला कोणत्या जातीला पास लागतो आणि कोणत्या जातीला सूट आहे, हे तुमच्या वनपरिक्षेत्र कार्यालयात जाऊन आजच्या तारखेचं विचारा.

गाडीत दरवेळी ठेवा : मालकाचा ७/१२, संमतीपत्र, झाडांची जात आणि संख्या, तोडलेल्या जागेचे फोटो. बांधावरचं झाड असेल तर दोन्ही शेतकऱ्यांच्या सह्या. एकाची सही घेऊन झाड पाडलं तर दुसरा ट्रॉलीपुढे आडवा होतो, आणि भांडण त्यांचं असलं तरी लाकूड तुमचं अडकतं. कॅनॉल, रस्ता, गायरान इथली वेडी बाभूळ कुणीही ‘घेऊन जा’ म्हटलं तरी ती सरकारी.

फोडणी यंत्र म्हणजे आरा नव्हे. पण पुढे मोटारीवरची चक्री करवत शेडमध्ये बसवायची असेल तर आधी वनखात्याला विचारा. आरायंत्राला परवाना लागतो.

माळरान

पेटवणासाठी पऱ्हाटीच्या (कपाशीच्या वाळक्या झाडांच्या) मोळ्या ठेवता का? ढाब्यांना चालतात. फक्त वाळकी बोंडं झाडून, तिथेच नष्ट करून आणा. नाहीतर गुलाबी बोंडअळी तुमच्या वखारीत मुक्काम करते आणि पावसाळ्यात शेजारच्या कपाशीवर जाते. आणि कण्हेर आली तर बाजूला काढा, तिचं लाकूड विषारी, स्वयंपाकाच्या जाळाला अजिबात नाही.

केजकर_वखारवाला

सगळ्यांचे आभार. आत्ता आठ ओंडके फोडून मध्यावर मीटर लावला : ३१, ३४, ३३, २८, ३६, ३२, १९, ३५. १९ वाला जानेवारीत फोडलेला निघाला. आता उरलेल्या १०-१२ टनांचं काय करू? भट्टीवाल्यांना परवापासून काहीतरी द्यावं लागेल.

पाचर_आणि_घण

ताडपत्री आजच बाजूने उचला. मालाच्या दोन राशी करा. जानेवारीचा फोडलेला वेगळा काढून फक्त बेकरी आणि खव्याला, मध्यावर तपासूनच. गोल ओंडके आता ३ इंचांच्या फाळ्या करून माथ्यावरच्या ताडपत्रीखाली पसरट, एक आड एक रचा. दिवाळीपर्यंत २५ च्या खाली येतील. तोवर ते आचाऱ्यांना ‘ओलसर’ असं सांगून, ओल्याच्या भावात द्या. बेकरीवाल्याने भट्टीच्या कडेला उद्याचं लाकूड आदल्या रात्री लावून ठेवलं तर वरचा दमटपणा जातो, पण ३४ चं लाकूड त्याने सुधारत नाही, ते त्याला देऊच नका.

हायड्रोलिक_हणमंत

ढलप्या टाकू नका, गोणीत भरा. पाणी तापवायच्या बंबाला ६-८ इंचांच्या बारीक ढलप्या लागतात, थंडीत केजच्या बाजारात गोणीवर खपतात.