अकोल्याच्या उन्हाळ्यात गोल्डन रिट्रीव्हरचे केस मशीनने पूर्ण काढावेत का?

प्रश्न – अकोल्याची नवी रहिवासी

नमस्कार. आमच्याकडे पाच वर्षांची, सुमारे ३० किलो वजनाची गोल्डन रिट्रीव्हर कुत्री आहे. बदलीमुळे गेल्या पावसाळ्यात आम्ही पुण्याहून अकोल्याला आलो, त्यामुळे वऱ्हाडातला तिचा हा पहिलाच उन्हाळा आहे. एप्रिलमध्येच पारा ४३ अंशांवर गेल्यापासून ती दुपारभर मोरीतल्या ओल्या फरशीवर पडून असते आणि जेवण अर्धे टाकते. कानांमागे आणि मांड्यांच्या मागच्या बाजूला केसांच्या गाठी झाल्या आहेत. एवढे केस अंगावर घेऊन जनावराने उन्हाळा कसा काढावा, म्हणून सगळ्या अंगावरून मशीन फिरवून घ्या, असे शेजारी सांगतात आणि ग्रूमरचीही (कुत्र्यांचे केस विंचरून-कापून देणाऱ्याचीही) त्याला तयारी आहे. मात्र दोन वर्षांपूर्वी सोनोग्राफीसाठी तिच्या पोटावरचे केस काढले होते, ते पूर्ववत यायला बरेच महिने लागले, म्हणून मन धजत नाही. दुपारी घरी फक्त सासूबाई असतात. ऊन लागू नये म्हणून त्या तिच्या ताक-भाकरीत न चुकता थोडा कच्चा कांदा चिरून घालतात. आणखी काय करता येईल?

उत्तर – नागपूर, चौदा वर्षे गोल्डन सांभाळणारा

कृपया मशीन फिरवू नका. गोल्डन, लॅब्राडोर, जर्मन शेफर्ड आणि आपल्याकडचा स्पिट्झ या सर्वांच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आत मऊ, दाट लोकर आणि तिच्यावर लांब, राठ केस. उन्हाळा लागताना आतली लोकर आपोआप गळते, आणि ती निघून गेली की वरच्या केसांमधून हवा खेळते व कातडीवर थेट ऊनही पडत नाही. त्रास होतो तो गळलेली लोकर बाहेर न पडता आतच दाटून राहिल्यामुळे, आणि तुम्ही सांगता त्या गाठी त्याचेच लक्षण आहेत. मशीनने दोन्ही थर एकदम कापले जातात, लोकर आधी वाढते, वरचे केस मागे राहतात, आणि काही कुत्र्यांमध्ये ते ठिगळांसारखे उगवतात किंवा दीर्घकाळ येतच नाहीत. पोटावरचा तुमचा अनुभव याच दिशेने बोट दाखवतो.

आठवड्यातून तीन-चार दिवस, सकाळी लवकर, लोकर काढण्याच्या लांब दातांच्या कंगव्याने थर उचलून उचलून मुळापासून विंचरा आणि मग स्लिकर ब्रश, म्हणजे बारीक वाकड्या तारांचा ब्रश फिरवा. गाठी अंघोळीच्या आधीच सोडवाव्या लागतात, कारण पाणी लागले की त्या आवळतात. गाठ कातडीला चिकटलेली असेल तर कात्री चालवू नका. कुत्र्याची कातडी गाठीबरोबर वर ओढली जाते आणि ती कापली जाण्याचा धोका असतो. तेवढीच जागा ग्रूमरकडून मोकळी करून घ्यावी. पंजांच्या गादीमधले वाढलेले केस आणि पोटाच्या खालच्या भागातले थोडे केस आखूड करायला हरकत नाही, कारण ओल्या फरशीवर पडून कुत्रे जी थंडाई शोधते ती तिथूनच मिळते. अंघोळीनंतर आतली लोकर पूर्ण वाळवा. ती दमट राहिली तर खाली कातडी चिघळते.

उत्तर – निवृत्त पशुवैद्य, वाशिम

वरील सल्ला योग्य आहे, परंतु मला त्याहून अधिक काळजी कांद्याची वाटते. माणसांसाठी वऱ्हाडात कांद्याला मान आहे आणि सासूबाई मायेनेच तो घालतात, हे मी समजू शकतो. पण कच्चा असो की शिजवलेला, कांद्यामुळे कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि थोडा थोडा रोज पोटात गेला तरी अपाय साचत जातो. तो आजच बंद करावा. अर्धे जेवण टाकणे उन्हामुळे असू शकते, तरी या दिवसांत गोचिडांमुळे होणारे रक्ताचे आजारही दिसतात, म्हणून हिरड्या फिकट आहेत का ते पाहा आणि रक्त तपासून घ्या.

कुत्र्याला माणसासारखा अंगभर घाम येत नाही, त्याचे शरीर मुख्यतः धापा टाकून, म्हणजे जीभ आणि श्वसनमार्गातल्या ओलाव्याची वाफ होऊन थंड होते. त्याचे नेहमीचे तापमान १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट असते, ते १०५ च्या पुढे गेले की प्राणावर बेतते. धाप थांबत नाही, लाळ घट्ट होते, हिरड्या लालभडक दिसतात, पाय लडखडतात किंवा उलटी होते, तेव्हा ताबडतोब नळाचे साधे पाणी सर्वांगावर, विशेषतः पोट, काखा आणि जांघांवर ओतत पंखा लावावा आणि दवाखान्यात न्यावे. ओला टॉवेल अंगावर पांघरून ठेवू नये, तो थोड्याच वेळात गरम होऊन उष्णता कोंडतो. तापमान १०३ च्या आसपास उतरले की पाणी थांबवावे. माणसांची तापाची गोळी कदापि देऊ नये.

उत्तर – ठाणे

माझ्या शिह त्झूच्या (ही लांब केसांची लहान जात) अंगावर गोल्डनसारखी गळणारी लोकर नाही, त्याचे केस वाढतच राहतात, म्हणून मी दर उन्हाळ्यात ते बोटभर ठेवून कापून घेते आणि त्याला आराम पडतो. त्यामुळे केस कापूच नयेत असा सरसकट नियम करू नये. आमच्याकडे पारा अकोल्याइतका चढत नाही, तरीही दमट हवेत धापेचा उपयोग कमी होतो आणि कूलरही काम देत नाही. तुमच्या कोरड्या हवेत कूलर फार चांगला चालतो, फक्त हवा बाहेर जाण्यासाठी समोरची खिडकी उघडी ठेवा.

प्रश्नकर्तीचे उत्तर, बारा दिवसांनी

सर्वांचे मनापासून आभार. मशीन फिरवले नाही. पहिल्या तीन दिवसांत विंचरून इतकी लोकर निघाली की पिशवी भरली, आणि मानेखालची कातडी कितीतरी दिवसांनी बोटांना लागली. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन थोडे कमी आले, गोचिडांच्या आजाराची चाचणी मात्र निर्दोष निघाली. डॉक्टरांनीही कांद्याकडेच लक्ष वेधले. सासूबाईंना फार वाईट वाटले. आता त्या तिला बिनमिठाचे पातळ ताक देतात, आणि मातीच्या दोन परळांतले पाणी दुपारी स्वतः बदलतात. फिरायला आम्ही पहाटे साडेपाचला जातो. संध्याकाळी डांबरी रस्त्यावर हाताची मागची बाजू टेकवून पाहते, आणि ती पाच सेकंद टेकवता आली नाही तर तिला अंगणातच फिरवते. काल तिने ताटली पूर्ण चाटून ठेवली. रक्त पुन्हा तपासायला दोन आठवड्यांनी बोलावले आहे, तेव्हा काय निघाले ते इथे कळवीन.