यादीपेक्षा भिंग बरे
मुलांना झाडे-पाने पाहायला फिरायला नेताना त्यांच्या हाती शोधायच्या वस्तूंची यादी द्यावी, असे सुचवले जाते; ती कल्पना चांगलीच आहे. मात्र ज्यांना अजून वाचता येत नाही, अशा लहानग्यांच्या हाती मी यादीऐवजी भिंग देईन. एकाच फांदीवरची फुगलेली कळी, अर्धवट उलगडलेले पान आणि पुरते वाढलेले पान त्यांना शेजारी शेजारी पाहू द्यावे. कोवळी पालवी पुष्कळ झाडांवर तांबूस दिसते ती अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे, हे मात्र मुलांनी विचारल्यावरच सांगावे. पानामागे मावा (पानांचा रस शोषणारे बारीक किडे) आढळला, तर मुंग्या त्याला मिशांनी गोंजारून गोड द्रव कसा मिळवतात, हे पाहण्यात मुले बराच वेळ रमतात (आधी धीर सुटतो तो मोठ्यांचाच). किती अंतर चाललो याचा हिशेब ठेवू नये, आणि मुलांच्या पायांत परतण्याइतके त्राण असतानाच मागे वळावे.