'सेट' म्हणजे बसवणे, पण नेहमी नाही

'सेट'ला मराठीत काय म्हणायचे, असा प्रश्न आला की आधी विचारावे लागते: कोणता सेट? ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत या शब्दाचे ४३० अर्थ दिले होते आणि ती नोंद सुमारे ६०,००० शब्दांची होती. पुढे 'रन' या क्रियापदाने ६४५ अर्थांनिशी त्याला मागे टाकले.

मुळात 'सेट' हे दोन वेगळे शब्द आहेत. चहाच्या कपांचा किंवा दागिन्यांचा सेट, गणितातला संच, हे नाम जुन्या फ्रेंचमधून आले. त्याच्या मुळाशी लॅटिन 'सेक्टा' आहे, म्हणजे अनुयायांचा गट, पंथ. क्रियापद मात्र अस्सल इंग्रजी. 'सिट' म्हणजे बसणे आणि 'सेट' म्हणजे बसवणे. 'फॉल' म्हणजे पडणे आणि 'फेल' (fell) म्हणजे (झाड) पाडणे, तशीच ही जोडी. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते, कारण आपल्याकडे प्रयोजकाची, म्हणजे क्रिया करवण्याचे क्रियापद घडवण्याची, सोय अजून जिवंत आहे. मराठीत बसणे-बसवणे, कोकणीत बसप-बसोवप. 'सिट'चे मूळ आणि संस्कृतातला 'सद्' एकच. सदन, परिषद, संसद त्यातूनच आले. आपले 'बसणे' मात्र 'उपविश्'पासून, जुन्या मराठीतल्या 'बैसणे'वरून आलेले.

म्हणून 'सेट' अडला की मी आधी 'बसवणे' लावून पाहतो. हिरा कोंदणात बसवतात, हाड बसवतात, कवितेला चाल बसवतात. गोव्यात फोंड्याकडच्या गावांत जत्रेच्या नाटकाची तालीम सुरू झाली की 'नाटक बसवायला घेतलंय' असेच म्हणतात. इंग्रजीत तालीम करून नाटक उभे करण्याला हे क्रियापद चालत नाही, म्हणजे आपले 'बसवणे' काही बाबतींत 'सेट'च्याही पुढे जाते. रंगमंचावरचा सेट याच क्रियापदाकडचा, मांडून ठेवलेले दृश्य. छापील पत्रिकेत 'नेपथ्य' लिहितात, पण पडद्यामागे सगळे 'सेट लावला का?' असेच विचारतात आणि त्यात मला काही गैर वाटत नाही. फातोर्ड्याला फुटबॉल पाहताना 'सेट पीस' ऐकू येतो, त्यातही चेंडू एका जागी ठेवून, थांबवून मारणे हाच अर्थ आहे.

पण एके ठिकाणी सांभाळावे लागते. 'त्याचा धंदा सेट झाला' याचे भाषांतर कुणी 'त्याचा धंदा बसला' असे केले, तर बिचाऱ्याचे दुकान बंद पडल्याची बातमी गावभर होईल. तिथे 'धंद्याचा जम बसला' म्हणायला हवे. 'बस्तान बसणे', 'घडी बसणे', 'जम बसणे' यांत चांगले बसते. घसा, टायर किंवा धंदा नुसताच 'बसला' की वाईट. 'बसणे'ची ही दुसरी बाजू 'सेट'मध्ये नाही.

पातळ पदार्थ घट्ट होण्याच्या अर्थीही 'बसणे' चालत नाही. पेद्रेर, म्हणजे गवंडी, कोकणीत म्हणतो, 'सिमेंट सेट जावंक दी' (सेट होऊ दे). दोदोल हा गोव्याचा गोड पदार्थ ताटात ओतला की निवून थिजतो, दही लागते, खीर आळते. इंग्रजी एका 'सेट'वर भागवते तिथे मराठीकडे प्रत्येक पदार्थाचे स्वतंत्र क्रियापद आहे. ती क्रियापदे पाककृती लिहिणाऱ्यांनी वापरावीत, असे मला मनापासून वाटते. सूर्य तर आपल्याकडे मावळतो, मग मांडवीतल्या बोटफेरीच्या पाटीवर 'सनसेट क्रूझ' असो की आणखी काही.

'सेटिंग' हे आपण स्वतः घडवलेले. 'त्याची आत सेटिंग आहे' यातला संगनमताचा अर्थ आपल्याकडच्या बोलण्यात वाढला. त्याला 'साटेलोटे' हा जुना, नेमका शब्द आहे.

सिमेंट घट्ट होण्यासाठी पेडणे-सत्तरीकडच्या जुन्या गवंड्यांच्या तोंडी 'आळणे' किंवा 'धरणे' येते का? कुणी ऐकले असल्यास वाक्यासकट सांगावे.