आईचे पवित्र शास्त्र कोणाच्या वाट्याला? मुलांना श्रद्धेचा वारसा देण्याविषयी चर्चा

ओसरी (वानवडी, पुणे)

सर्वांस सप्रेम सलाम.

गेल्या पावसाळ्यात आमची आई प्रभूमध्ये निद्रा पावली. घराची आवराआवर करताना भांडी, साड्या आणि दोन पाटल्या यांची वाटणी आम्हा तिघा भावंडांत अर्ध्या तासात, कोणाचाही आवाज न चढता झाली. कपाटाच्या वरच्या कप्प्यात शेवटी उरले ते तिचे पवित्र शास्त्र (बायबल) आणि ‘उपासना संगीत’ हे उपासनेच्या गीतांचे पुस्तक. शास्त्राच्या समासात तिने वर्षानुवर्षे शिसपेन्सिलीने तारखा लिहून ठेवल्या होत्या. कुठे भावाच्या दहावीच्या निकालाची, कुठे वडिलांच्या शस्त्रक्रियेची, कुठे नुसतीच तारीख. माझ्या सोळा वर्षांच्या मुलीने ते पुस्तक हौसेने हातात घेतले, स्तोत्रसंहिता उघडली, दोन ओळी अडखळत वाचल्या, एका जोडाक्षरापाशी थांबली आणि म्हणाली, “बाबा, तुम्हीच वाचा ना.”

तेव्हापासून माझ्या मनात एकच गोष्ट घोळते आहे. आम्ही तिला उत्तम शाळा दिली, पोहण्याचा वर्ग दिला, गिटार दिली, आणि जे माझ्या आजीने आईला व आईने मला दिले ते मात्र रविवारच्या एका तासावर सोपवून मोकळे झालो. शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात देवाची वचने मुलांना शिकवण्याची जागा कोणती सांगितली आहे ते पाहा: घरी बसताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. तिथे मंदिराचा उल्लेखही नाही. आपला तरुण सहकारी तीमथ्य याच्या विश्वासाविषयी लिहिताना प्रेषित पौलाने नावे घेतली ती त्याची आजी लोईस आणि आई युनीके यांची, कोणा शिक्षकाचे नाव घेतले नाही.

म्हणून माझे म्हणणे स्पष्टपणे मांडतो. रात्रीच्या जेवणानंतर पंधरा मिनिटांची कौटुंबिक प्रार्थना, तीही मराठीत, ही प्रत्येक ख्रिस्ती घराने पुन्हा सुरू केली पाहिजे. “मुले मोठी झाली की स्वतः ठरवतील” हे वाक्य पालकांनी सोडून द्यावे, कारण ज्याची चवच कधी घेतली नाही त्याविषयी मूल ठरवणार तरी काय? भाषेचा आग्रह मी भाषाभिमानापोटी धरत नाही. आजीची गीते ज्या भाषेत आहेत ती भाषाच मुलाला परकी झाली, तर आजी ज्या शब्दांत देवाशी बोलत होती ते शब्द तिच्याबरोबरच संपतात. आपणांस काय वाटते?

मुळाकाठ

आपल्या मातोश्रींच्या निधनाबद्दल मनापासून सांत्वन. तरीही आपल्या म्हणण्याशी मी सहमत नाही, आणि का नाही हे थोडे विस्ताराने सांगणे मला भाग आहे.

आमच्या घरी संध्याकाळी साडेसात वाजता प्रार्थना होत असे आणि ती माझ्या बालपणात एकही दिवस चुकली नाही. वडील अध्याय वाचत, आई गीत सांगे, आम्ही चौघे चटईवर गुडघे टेकून बसत असू. त्याच वडिलांनी नगरकडच्या शेतीच्या वाटणीवरून आपल्या सख्ख्या भावाशी अकरा वर्षे अबोला धरला होता. “जसे आम्ही आमच्या ऋण्यांस सोडले आहे” हे प्रभूच्या प्रार्थनेतले क्षमेचे शब्द त्या चटईवर रोज उच्चारले जात, आणि काकांचे पत्र आले की ते न उघडता परत जाई. आम्हा मुलांना कोणी काही समजावून सांगितले नव्हते, पण आम्ही सारे पाहत होतो. पुढे मी पंधरा वर्षे देवळाची (चर्चची) पायरी चढलो नाही. परत आलो तो कौटुंबिक प्रार्थनेच्या आठवणीने नव्हे. पत्नी आजारी असताना मंडळीतली एक वृद्ध बाई, जिच्याशी आमची जेमतेम ओळख होती, पाच आठवडे रोज दुपारी डबा घेऊन येत असे आणि डबा ठेवून, दोन शब्द बोलून निघून जात असे. तिने एकदाही मला देवळात येण्याविषयी विचारले नाही. मला वारसा मिळाला तो तिच्याकडून.

शास्त्राचाच आधार घ्यायचा तर शमुवेल संदेष्ट्याचे काय करायचे? एली याजकाने आपल्या मुलांना आवरले नाही म्हणून त्याच्या घराण्यावर न्याय आला, आणि तो निरोप ज्याच्या तोंडून आला त्याच शमुवेलाची मुले पुढे बैर-शेबा येथे न्यायाधीश असताना लाच घेऊ लागली. शमुवेलाने घरी प्रार्थना केली नसेल असे कोण म्हणेल? पद्धत पाळली म्हणजे परिणाम मिळेलच, असे शास्त्र सांगत नाही. भाषेविषयीही तेच. माझी मुलगी इंग्रजीत प्रार्थना करते, आणि ती ज्या मोकळेपणाने देवाशी बोलते तो मोकळेपणा मला मराठीत आजही साधत नाही.

ओसरी

आपण लिहिलेले वाचून मी बराच वेळ स्वस्थ बसलो. आपल्या वडिलांच्या अबोल्याला उत्तर देणे मला शक्य नाही आणि देऊही नये. एवढेच विचारतो: आपल्या घरची प्रार्थना खोटी ठरली ती रोज होत होती म्हणून, की घरात त्या प्रार्थनेप्रमाणे कोणी वागत नव्हते म्हणून? दुसरे कारण खरे असेल, तर दोष सवयीकडे जात नाही. आणि ऋण सोडण्याविषयीचे ते शब्द तुम्हाला लहानपणी रोज ऐकून पाठ नसते, तर वडिलांच्या वागण्यातली विसंगती तुम्हाला दिसली तरी असती का?

पहिली पिढी (हडपसर)

मला या चर्चेत थोडे उपरे वाटते, कारण आपण दोघेही ‘आजीपासून आलेले’ असे काही गृहीत धरून बोलत आहात. मी माझ्या घरातली पहिली ख्रिस्ती आहे. माझी आई वारकरी होती आणि तिचा हरिपाठ एक दिवस चुकत नसे. पालखी हडपसरला आली की वारकऱ्यांना भाकरी वाढण्यासाठी ती पहाटे तीनला उठत असे. मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा ती खूप रडली, पण तिने माझ्याशी बोलणे थांबवले नाही. आज मी रोज पहाटे शास्त्र वाचते ती पहाटे उठण्याची सवय तिची आहे, आणि ‘देवाला द्यायचे ते आधी, आपले मागून’ हा धडाही तिचाच.

पंडिता रमाबाईंचे उदाहरण पाहा, केडगाव आपल्या जिल्ह्यातच आहे. बायकांनी संस्कृत शिकू नये असे मानणाऱ्या काळात अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकवले आणि रमाबाईंना ते आईवडिलांकडूनच मिळाले. ते दोघेही शेवटपर्यंत हिंदू होते. तीच भाषांची शिस्त घेऊन रमाबाई पुढे हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि सामान्य बायकांना कळावे अशा मराठीत त्यांनी संपूर्ण शास्त्राचे भाषांतर केले. आता वारसदाराचा विचार करा. त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा, रमाबाईंनी केडगावला निराधार बायकामुलींसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनचे काम पुढे नेणार होती, पण १९२१ मध्ये ती आईच्या आधीच गेली आणि १९२२ मध्ये रमाबाईही गेल्या. रक्ताच्या नात्याने पाहिले तर वारस असा उरला नव्हता. तरी १९२४ मध्ये ते भाषांतर छापून निघाले ते केडगावच्याच छापखान्यात, जिथे रमाबाईंनी आसरा दिलेल्या बायकामुली छपाईचे खिळे जुळवत असत. कोणाला घरातून हाकलले होते, कोणी दुष्काळात आईबाप गमावले होते. मला विचाराल तर त्याच त्यांच्या वारसदार होत्या.

म्हणून ओसरी यांना माझी नम्र विनंती आहे की ‘प्रत्येक ख्रिस्ती घर’ असे म्हणताना त्यांनी आपल्या भिंतींबाहेरही पाहावे. आपल्या इमारतीत काम करणाऱ्या बाईंची मुलगी आपल्या प्रार्थनेच्या वेळी जिन्यात बसून अभ्यास करत असेल, तर तिला आत बोलावून दिव्याखाली बसू देणे हाही त्या पंधरा मिनिटांचा भाग आहे.

घंटानाद (गुरुवार पेठ)

मी पंचहौदच्या देवळाच्या घंटा ऐकत लहानाचा मोठा झालो आणि अनेक वर्षे शब्बाथशाळेत, म्हणजे मुलांच्या रविवारच्या धर्मवर्गात, शिकवतो आहे, त्यामुळे ओसरी यांच्या बाजूने एक साधा हिशेब मांडतो. वर्षाला बावन्न रविवार आणि प्रत्येकी एक तास. एकही रविवार न चुकवणारे मूल माझ्यापुढे वर्षात बावन्न तास असते, म्हणजे त्याच्या शाळेचे जेमतेम आठ-नऊ दिवस. परीक्षा, लग्ने आणि सहली वजा केल्या की तीसच उरतात. एवढ्या वेळात मी त्याला योसेफाची गोष्ट सांगू शकतो, पण त्याचे वडील नोकरी गेल्यावर कोणाकडे वळतात हे मी त्याला दाखवू शकत नाही.

मुलाने स्वतः ठरवायचे की आईबापांनी द्यायचे, हा वाद मंडळीत नवा नाही. १९७० मध्ये नागपूरला सहा मंडळ्या (चर्च-पंथ) एकत्र येऊन उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) स्थापन झाली. तेव्हा त्यांत तान्ह्या बाळांना बाप्तिस्मा देणारे होते आणि मोठेपणी स्वतः विश्वास कबूल केल्यावरच बाप्तिस्मा देणारेही होते. दोन्ही पद्धती मान्य करून ते एकत्र राहिले. पण बाळाचा बाप्तिस्मा झाला तरी पुढे दृढीकरणाच्या वेळी, म्हणजे मोठेपणी विश्वास जाहीर करण्याच्या विधीत, त्याला स्वतःच्या तोंडाने उत्तर द्यावे लागते, आणि जिथे बाप्तिस्मा थांबवला जातो तिथेही बाळाला समर्पणासाठी मंडळीपुढे आणले जाते. देणे आणि निवडणे यांतली एकच बाजू धरून कोणालाच भागवता आलेले नाही.

भाषेच्या बाबतीत मात्र मी मुळाकाठ यांच्या बाजूला झुकतो. माझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांना मराठी गीताचा अर्थ सांगावा लागतो, आणि तो सांगितला की ती चांगली गातात. आधी अक्षर आणि मग देव, अशी अट घालू नये.

सोलापूर रोड

मला वाटते, मराठीचा आग्रह सोडला तर नारायण वामन टिळकांचे अभंगही सुटतील, आणि त्यांतल्या काहींचे इंग्रजी भाषांतर झाले असले तरी ते मूळ शब्द नव्हेत. एवढेच नोंदवतो.

मुळाकाठ

टिळकांचे नाव निघाले आहे म्हणून त्यांच्या घरातली गोष्टही लक्षात घ्यावी. टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला तेव्हा त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्याबरोबर गेल्या नाहीत. कित्येक वर्षे त्या वेगळ्या राहिल्या, परत आल्यावरही सोवळेओवळे सांभाळत राहिल्या, आणि जातिभेदाविषयीचे त्यांचे मत स्वतःच्या विचाराने बदलले तेव्हाच त्यांनी पुढचे पाऊल टाकले. टिळकांचे ‘ख्रिस्तायन’ हे ख्रिस्तचरित्रावरचे काव्य अपुरे राहिले तेव्हा त्याचा फार मोठा भाग लिहिला तो याच बाईंनी. त्यांना जर पहिल्याच दिवशी बळेच गुडघ्यावर बसवले असते, तर हे घडले असते का? माझा विरोध प्रार्थनेला नाही, तिच्या सक्तीला आहे, आणि ओसरी यांच्या ‘पाहिजे’ या शब्दात मला ती सक्ती अजूनही ऐकू येते.

एकोणीस

तुम्ही सगळे ज्यांच्याविषयी बोलत आहात त्यांच्यापैकी मी एक आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते. मी कोथरूडला राहते, महाविद्यालयात शिकते, आणि आमच्या घरी कौटुंबिक प्रार्थना होते.

ती मला नकोशी का झाली हे आईबाबांना मी अजून सांगू शकलेले नाही. बारावीच्या वर्षी प्रार्थनेत बाबा म्हणत, “प्रभू, हिला अभ्यासाची बुद्धी दे, हिचा मोबाइलचा मोह काढून टाक, हिला आईवडिलांचे कष्ट समजू दे.” डोळे मिटून मी ते ऐकत असे. देवाशी बोलण्याच्या निमित्ताने मलाच सुनावले जात होते आणि मला उत्तर देण्याची सोय नव्हती, कारण प्रार्थनेत कोणी मध्ये बोलत नाही. त्या पूर्ण वर्षात बाबांनी स्वतःसाठी काही मागितलेले मी ऐकले नाही. त्यांना कशाची भीती वाटते, त्यांना कधी शंका येते का, त्यांची कोणती प्रार्थना देवाने ऐकली नाही, यातले मला काहीही ठाऊक नाही.

शास्त्रातल्या यहोशवाच्या पुस्तकात इस्राएल लोकांनी यार्देन नदी ओलांडल्यावर नदीतून बारा दगड आणून रचून ठेवले जातात, कारण पुढे मुले विचारतील की हे दगड कशासाठी आहेत. तिथे आधी मूल विचारते आणि मग बाप सांगतो. ओसरीकाका, पंधरा मिनिटे जरूर ठेवा. फक्त त्यांतली पहिली पाच तुमच्या मुलीला विचारण्यासाठी द्या, आणि तुमच्या आईच्या त्या तारखा तिला दाखवा.

ओसरी

सर्वांचे आभार. मुळाकाठ, ‘पाहिजे’ हा शब्द मी मागे घेतो. मराठीचा आग्रह मात्र सोडत नाही, फक्त तो आता मुलीवर नव्हे तर स्वतःवर धरतो: मी वाचेन आणि अडलेला शब्द तिला सांगेन. पहिली पिढी यांनी लिहिलेले मी घरात मोठ्याने वाचून दाखवले.

एकोणीस यांच्या सांगण्याप्रमाणे काल रात्री शास्त्र मधोमध ठेवले आणि मुलीला म्हटले, विचार. तिने पाने उलटली आणि अठ्ठ्याऐंशीव्या स्तोत्रावर थांबली. हे स्तोत्र अंधारातच संपते. त्याच्या समासात १९७४ मधली एक तारीख होती, पुढे एक अक्षरही नव्हते. आम्हा भावंडांपैकी कोणालाच त्या तारखेचा अर्थ माहीत नव्हता, म्हणून रात्री साडेनऊला नगरच्या मावशीला फोन लावला. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने सांगितले की माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती, ती आठ महिन्यांची होऊन गेली, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर आई देवळात यायची पण गीताच्या वेळी पुस्तक मिटून बसायची. इतक्या वर्षांच्या आयुष्यात हे मी प्रथमच ऐकत होतो. ज्या आईचा आवाज मला देवळाच्या मागच्या बाकावरूनही ओळखू येत असे, ती एक वर्ष गायली नव्हती.

मुलीने विचारले, “मग आजी परत कधी गायला लागली?” मावशीला ते आठवत नाही. आम्ही दोघांनी आता ‘उपासना संगीता’च्या समासातल्या तारखा लावायला घेतल्या आहेत. मुलगी गीताची पहिली ओळ वाचते आणि मी तारीख वहीत उतरवतो. काल रात्री एकेचाळीस गीते झाली.