अमोनिया खाणाऱ्यांना 'जिवाणू' म्हणावं का?

गोदाकाठ: सांडपाणी प्रक्रियेवरचा एक मजकूर मराठीत आणतेय. अमोनियाचं नायट्राइट करणारे सूक्ष्मजीव कुठंकुठं राहतात ते त्यात आहे: शेतातली माती, समुद्र, गरम पाण्याचे झरे, मैल्याचा गाळ, माशांच्या टाकीची गाळणी. मी सरसकट 'अमोनिया-ऑक्सिडीकारक जिवाणू' लिहिलं. परभणीला कृषी विद्यापीठात शिकलेल्या मामेभावानं ते खोडलं. त्याचं म्हणणं, यातले कितीतरी जिवाणू नाहीतच, आर्किया आहेत, म्हणजे जिवाणूंसारखेच एकपेशी पण वेगळ्याच गटातले जीव. शिवाय गावाकडं 'जिवाणू' म्हणजे सोयाबीनच्या बियाण्याला चोळायचं रायझोबियमचं पाकीट. मग काय लिहू?

काळीपांढरी: मामेभावाचं बरोबर आहे. रायझोबियम हवेतला नत्र धरून देतं. तुमचे हे जीव मातीत आहे त्या अमोनियमचं नायट्राइट करतेत, पुढं दुसरे त्याचं नायट्रेट. अमोनियम काळ्या मातीला चिकटून राहतं, नायट्रेट पाण्यासंगं खाली जातं. यांचं काम मंदावं म्हणून तर युरियाला निंबोळी तेल लावतेत. 2015 मध्ये देशात बनणाऱ्या सगळ्या युरियाला ते सक्तीचं झालं. शेतकऱ्यासाठी लिहायचं तर 'नत्रीकरण' म्हणा, लगेच कळतं.

देववाणी: 'ऑक्सिडीकारक' ना धड मराठी ना धड इंग्रजी. 'अमोनियाभक्षी सूक्ष्मजीव' म्हणा. अर्थानंही चपखल आहे: हे जीव अमोनियातूनच ऊर्जा मिळवतात आणि शरीर बांधायला कार्बन डायऑक्साइड घेतात. विनोग्राडस्की या रशियन सूक्ष्मजीवशास्त्रज्ञानं 1890 च्या सुमारास हेच दाखवलं होतं. 'सूक्ष्मजीव' म्हटलं की आर्कियाही त्यात आले.

बालाघाट: 'भक्षी' म्हटलं की आमच्याकडं नरभक्षी वाघ आठवतो. आणि अमोनिया तरी कुठं मराठी? घरातला शब्द नवसागर. कल्हईवाला तापलेल्या पातेल्यात नवसागर टाकून कापसानं पुसायचा, तो पांढरा धूर नाकात गेला की डोळ्यातून पाणी. नऊ समुद्रांचं मीठ म्हणून नवसागर, असं आजोबा सांगायचे.

देववाणी: समुद्राशी संबंध नाही. फारसी 'नौशादर' आपल्या जिभेवर असा वळला. तसा अमोनियाही इजिप्तच्या आमोन देवाच्या नावावरून आलेला. शिवाय नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइड, नुसता अमोनिया नव्हे.

बालाघाट: फारसीतून आला म्हणून परका कामून? मग 'जमीन' पण काढून टाका.

माळवद: या सूक्ष्मजीवांच्या कामाला आपल्याकडं शब्द आहे, लोणा. जुन्या गोठ्याच्या मातीच्या भिंतीला खालून पांढरा लोणा धरायचा. जनावरांच्या मुतातला अमोनिया, त्याचं या जीवांनी केलेलं नायट्रेट. सोरा तो हाच. मोडकळीला आलेल्या गावठाणाची पांढरीची माती गाड्या भरून शेतात टाकायचे, ती उगीच नाही. श्लोसिंग आणि म्युन्त्स या फ्रेंच शास्त्रज्ञांनी 1877 मध्ये वाळूतून सांडपाणी सोडलं तेव्हा त्यातल्या अमोनियाचं नायट्रेट झालं. क्लोरोफॉर्म घातल्यावर थांबलं. म्हणजे काम जिवंत जीवांचं. आपल्या लोकांना परिणाम आधीच माहीत होता.

काळीपांढरी: गोठ्याचा लोणा ठीक आहे. पण सिमेंटच्या भिंतीवरही लोणाच म्हणतेत, तिथं बहुतेक दुसरेच क्षार असतेत. शास्त्राच्या मजकुरात असा सैल शब्द घातला तर घोटाळा होईल.

माळवद: सैल कसा? बाईमाणूस भिंतीला हात लावून सांगायची, कुठला लोणा खारट अन् कुठला जिभेला गार लागणारा.

गोदाकाठ: माझा प्रश्न राहिलाच. 2005 मध्ये सिएटलच्या मत्स्यालयातल्या टाकीतून अमोनियावर जगणारा आर्किया पहिल्यांदा वेगळा काढला. 2015 मध्ये तर नायट्रोस्पायरा नावाचे काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट आणि त्याचं नायट्रेट हे दोन्ही टप्पे एकटेच करतात हे कळलं. या सगळ्यांना पुरेल असा शब्द हवाय. आर्कियाला 'आद्यजीव' चालेल का?

देववाणी: 'आद्य' नको, ते जिवाणूंच्या आधीचे आहेत असा समज होतो. 'आर्किया' तसंच ठेवा.

काळीपांढरी: बघा, आता तुम्हीच परका शब्द ठेवा म्हणताय!

बालाघाट: माळवद, पांढरीची माती टाकल्यावर पहिल्या वर्षी कोणतं पीक घ्यायचे? आमच्याकडं जुनी गढी उकरली तेव्हा काहींनी ती नेली, पण तूर करपली म्हणतेत.